खाडीकाठचा चित्रकार : चार्ल्स टनिक्लिफ

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र येत असते. जिजाबाई, अहल्याबाई, रमाबाई रानडे यांच्यावर आपल्यापैकी जाणत्या भगिनींनी लिहून झाले आहे, आणि ते माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहे. म्हणून यंदा मी जरा लांबचे पाहुणे आणले आहेत. हे गृहस्थ राजे नव्हते, संत नव्हते, पुढारीही नव्हते. घराच्या खिडकीपुढे पसरलेल्या खाडीतील पक्ष्यांची चित्रे त्यांनी बत्तीस वर्षे काढली. त्यांचे नाव चार्ल्स फ्रेडरिक टनिक्लिफ.

आपल्याकडे हे नाव फारसे कोणाला ठाऊक नसेल. परंतु इंग्लंडात एके काळी असे घर विरळा, जिथे त्यांचे एखादे चित्र नव्हते. ब्रुक बाँड चहाचा पुडा फोडला की आत एक छोटे रंगीत कार्ड निघत असे. मुले ती कार्डे जमवून वहीत चिकटवीत. १९५० नंतरच्या काळात या कार्डांवरील पुष्कळ पक्षी टनिक्लिफ यांच्या हातचे होते. आई चहाची पूड डब्यात ओतते आहे आणि मुले कार्डासाठी भांडत आहेत, हे चित्र आपल्याला काही परके नाही.

त्यांचा जन्म १ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडातील चेशर परगण्यात लँगली या खेड्यात झाला. ते लहान असतानाच आईवडिलांनी जवळच सटन येथे शेती करावयास घेतली. गाईगुरे, डुकरे, घोडे, कोंबड्या यांच्यातच हा मुलगा वाढला. धारा काढणे, गोठा साफ करणे, गवत कापून गंजी रचणे ही कामे त्याने लहानपणापासून केली. शाळेत असताना चित्रे चांगली काढतो हे शिक्षकांच्या ध्यानात आले, आणि जवळच्या मॅकल्सफील्ड गावातील चित्रशाळेत त्याला घालण्यात आले. मॅकल्सफील्ड हे रेशमाच्या गिरण्यांचे गाव. तिथल्या चित्रशाळेत नक्षीचे काम बारकाईने शिकवीत. पुढे या माणसाने पिसांवरची नक्षी इतक्या चिकाटीने काढली त्याचे मूळ तिथेही असेल, असे मला वाटते.

शेतकऱ्याच्या मुलाला शिष्यवृत्ती मिळाली आणि १९२१ मध्ये तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तेथे तो एचिंग शिकला. म्हणजे धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यावयाचा, त्यावर सुईने रेघा ओढावयाच्या आणि पत्रा तेजाबात बुडवावयाचा. जिथे सुईने थर निघाला तिथे तेजाब धातू खाते, मग त्या चरांत शाई भरून कागदावर छाप घ्यावयाची. लंडनमध्ये राहून या तरुणाने पत्र्यावर काढले काय, तर आपल्या घरची गुरे, नांगर, गवताच्या गंजी! शहरात गेल्यावर घरची शेती अधिक स्पष्ट दिसू लागते, हे कोकणातून मुंबईस गेलेल्या कोणाही चाकरमान्याला विचारावे.

याच कॉलेजात विनिफ्रेड वॉनकॉट नावाची मुलगी शिकत होती. ती स्वतः चित्रकार. १९२९ मध्ये दोघांचा विवाह झाला आणि त्यांनी मॅकल्सफील्डला संसार थाटला. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत शेअरबाजार कोसळला. चैनीच्या वस्तूंना गिऱ्हाईक उरले नाही, आणि एचिंगची चित्रे ही तर शुद्ध चैन. ज्या कामावर भरवसा ठेवून लग्न केले ते काम एकाएकी मोडीत निघाले. नवऱ्याचा धंदा बसला म्हणजे घरात काय होते हे आपल्याला सांगावयास नको. टनिक्लिफ यांनी मग मिळेल ते काम घेतले. गुरांच्या खाद्याच्या जाहिरातींसाठीसुद्धा त्यांनी चित्रे काढली. त्यांना त्याची लाज वाटावी असे काही नव्हते, गाय त्यांच्याइतकी चांगली काढणारे होते तरी किती?

वाट सापडली ती पत्नीमुळे. हेन्री विल्यमसन या लेखकाची टारका नावाच्या पाणमांजराची कथा १९२७ मध्ये निघून फार गाजली होती. या पुस्तकासाठी चित्रे काढून प्रकाशकाकडे पाठवून पाहावीत, अशी कल्पना विनिफ्रेडबाईंनी काढली. नमुने गेले, पसंत पडले, आणि १९३२ मध्ये टनिक्लिफ यांच्या लाकडावर कोरलेल्या चित्रांसह ती कथा पुन्हा प्रसिद्ध झाली. तेव्हापासून पुस्तकांच्या चित्रांचे काम कधी तुटले नाही. जन्मभरात त्यांनी अडीचशेच्या आसपास पुस्तके सजविली असे सांगतात. चरित्रकार अशा गोष्टी एका ओळीत आटोपतात. मी मात्र इथे जरा थांबते. हातात कला असलेला माणूस पुष्कळदा मान खाली घालून काम करीत बसतो, आणि दार कोणते ठोठवावे हे त्याला सुचत नाही. ते ज्या व्यक्तीला सुचले तिचे नाव पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापले जात नाही.

पुढे महायुद्ध आले. त्या काळात त्यांनी मँचेस्टरच्या एका मोठ्या शाळेत चित्रकला शिकविली. मोकळा वेळ मिळाला की ते चेशरमधील तळ्यांवर जात, आणि पाणकोंबड्या, बदके, बगळे यांची टिपणे काढीत. गुरांवरून त्यांचे लक्ष हळूहळू पक्ष्यांकडे वळले ते याच सुमारास. १९४५ मध्ये पक्ष्यांची चित्रे कशी काढावीत यावर त्यांचे पुस्तक निघाले. सुट्टीत उभयता वेल्समध्ये अँगलसी बेटावर जात असत. वेल्स हा ब्रिटनचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग, तेथील लोकांची भाषाही इंग्रजीहून निराळी. हे बेट एका अरुंद सामुद्रधुनीने मुख्य भूमीपासून वेगळे झाले आहे आणि पुलाने जोडलेले आहे. तेथील पक्ष्यांच्या टिपणांनी वह्या भरत चालल्या. शेवटी दोघांनी तिथेच राहावयास जाण्याचे ठरविले. १९४७ च्या मार्च महिन्यात मॅकल्सफील्डचे बिऱ्हाड मोडून ती माल्ट्राइथ या खेड्यात आली. घराचे नाव शोरलँड्स, म्हणजे किनाऱ्यालगतची भूमी.

आता त्या जागेचे थोडे वर्णन केले पाहिजे, कारण सगळे तिच्यावर आहे. केव्हनी नावाची नदी तिथे समुद्राला मिळते. मुखाशी रुंद खाडी आहे. भरतीला ती काठोकाठ भरते, ओहोटीला मैलभर वाळू आणि चिखल उघडा पडतो. पूर्वी समुद्राचे पाणी थेट आत शिरे, ते अडविण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लांबच लांब बांध घातला. त्याला तिकडे कॉब म्हणतात. आपल्याकडे खारी जमीन राखण्यासाठी खाडीला बांध घालतात तशातलाच प्रकार. बांधाच्या आतल्या बाजूला एक उथळ तळे राहिले. गंमत अशी की ओहोटीच्या वेळी पक्षी खाडीच्या चिखलात पांगून चरतात, आणि भरती चढू लागली की पाय टेकण्यापुरती जागा शोधत बांधाच्या अलीकडे तळ्यावर येऊन दाटी करतात. म्हणजे ज्याला पक्षी पाहावयाचे आहेत त्याने घड्याळ न पाहता भरतीचे वेळापत्रक पाहावे. टनिक्लिफ यांच्या चित्रशाळेची मोठी खिडकी खाडीकडेच होती, आणि बांध घरापासून चार पावलांवर.

तिथे येणारे पक्षी बहुतेक लांब पायांचे, चिखलात चालणारे. राखी बगळा, पाणटिवळे, छोटे चिखल्ये, लाल पायांचा टिलवा, लांब वाकड्या चोचीचा कुरल. आपल्या टिटवीची शेंडीवाली चुलत बहीणही तिथे थव्यांनी असते. हिवाळ्यात आपल्या खाडीच्या काठीही टिलवे आणि कुरल उतरतात. ते उत्तरेकडून येतात आणि जून लागण्यापूर्वी बहुतेक परत जातात. आपण कपडे वाळत घालताना त्यांची शीळ ऐकतो आणि कोणता पक्षी म्हणून मान वर करून पाहत नाही. टिलव्याची ओळख अगदी सोपी आहे. पाय तांबडे, अंग मातकट, आणि उडाला की पंखाच्या मागच्या कडेला पांढराशुभ्र पट्टा चमकतो. माणूस दिसला की तो सगळ्यांच्या आधी ओरडतो, आणि त्याच्या ओरडण्याने अख्खा चिखल मोकळा होतो. चित्रकाराला याच्यासारखा वैरी नाही!

प्रत्येक पक्ष्याची चरण्याची तऱ्हा निराळी, आणि ती चोचीवरून ठरते. कुरलाची चोच लांब व वाकडी, ती चिखलात खोल घालून तो आतला किडा ओढून काढतो. चिखल्याची चोच आखूड, म्हणून तो धावतो, थबकतो, वरच्यावर टिपतो आणि पुन्हा धावतो. एक काळापांढरा पक्षी तांबड्या जाड चोचीने शिंपले फोडतो. बगळा तर घटकाघटका हलत नाही. या सर्वांना एकाच चिखलात पोटभर मिळते, कारण कोणी कोणाच्या ताटात हात घालीत नाही. चित्र काढणाऱ्याला हे ठाऊक असले पाहिजे. नाहीतर चित्रातला पक्षी दिसावयास सुबक, पण उभा चुकीचा. जसे एखाद्या चित्रात बाई जाते दळताना दाखवितात आणि खुंटा धरण्याची रीत पाहून आपल्याला हसू येते, तसे.

टनिक्लिफ यांचे काम दोन परींनी चाले. पहिले काम जिवंत पक्ष्यांचे. वही घेऊन बांधावर जावयाचे आणि दिसेल ते भराभर रेघांत पकडावयाचे. पक्षी स्थिर राहत नाही. एक आकृती अर्धी होते तोवर तो वळतो, म्हणून दुसरी सुरू करावयाची. अशा एकेका पानावर अनेक अपुऱ्या आकृती साठत. घरी आल्यावर आठवण ताजी असताना त्याच पक्ष्यांची रंगीत टिपणे वहीत उतरवावयाची आणि बाजूला तारीख, ठिकाण, हवा, पक्ष्याने काय केले ते लिहावयाचे. अशा पन्नासांहून अधिक वह्या भरल्या. पत्नी पुष्कळदा बरोबर असे.

दुसरे काम ऐकून काहीजणी नाक मुरडतील. कोठे मेलेला पक्षी सापडला की लोक तो टनिक्लिफ यांना आणून देत. कोणी तारेवर आपटून मेलेला, कोणी मोटारीखाली सापडलेला, कोणी शिकाऱ्याने टिपलेला. काही तर टपालाने येत! कोणत्या गृहिणीला घरात असले पार्सल आलेले रुचेल? परंतु या घरात त्याची वाट पाहत असत. पक्षी आला की हातातले काम बाजूला ठेवून टनिक्लिफ त्याची मापे घेत आणि तेवढ्याच आकाराचे, जसेच्या तसे चित्र काढीत. पाठ, पोट, पंख उघडलेला वरून आणि खालून, चोच, पायाची बोटे, सुटे पीस. घाई करावी लागे, कारण मेल्यावर पायांचा व चोचीचा रंग लवकर उतरतो, आणि पुढे तर ते कलेवर घरात ठेवण्याजोगे राहत नाही. टिटवीएवढा पक्षी एका कागदावर मावतो, पण मोठ्या पंखांच्या पक्ष्याला केवढा कागद लागत असेल! पंख मिटताना कोणते पीस कोणत्या पिसावर येते, पट्टा कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे सगळे त्या चित्रात मापून असे.

अशी तीनशेंहून अधिक चित्रे हळूहळू जमली. ती टनिक्लिफ यांनी विकली नाहीत. ही गोष्ट मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी वाटते. चित्रांवर पोट असलेला माणूस, घेणारे दारात उभे, आणि सर्वांत चांगले काम तो कपाटात ठेवतो. कारण ती त्यांची पुंजी होती. पुढचे प्रत्येक चित्र तिच्यातून निघावयाचे होते. भरतीच्या पाण्यावरून उडणारा टिलव्यांचा थवा रंगवावयाचा तर पक्ष्यांची चलनवलन वहीत असे आणि पिसांचा हिशेब मापाच्या चित्रात. आपण लोणच्याच्या बरणीला हात लावू देत नाही, बियाणे तर उपाशी राहूनही खात नाही. तसेच हे.

काही कलाभ्यासकांचे म्हणणे असे की हे गृहस्थ पुस्तकांचे चित्रकार, फार तपशील काढणारे, मोठ्या कलावंतांत यांना का बसवावे. मला कलेतले कळत नाही. पण त्यांच्या मोठ्या चित्रांचे छाप पाहिले तर पक्षी थोड्या जागेत असतात आणि बाकीचे सगळे पाणी, ओला चिखल, त्यात पडलेले आभाळ. पांढरा बगळा पांढऱ्या रंगाने होत नाही. त्याच्या अंगावर निळसर, पिवळसर सावल्या असतात, आणि पांढरे म्हणून जे दिसते ते पुष्कळदा कोरा ठेवलेला कागद असतो. हे एकदा समजले की खाडीतल्या बगळ्याकडे आपण निराळ्या नजरेने पाहू लागतो. माझे तरी तसे झाले. तपशील माहीत असल्याशिवाय तो कोठे सोडावा हे कळत नाही, आणि हे रांगोळी घालणाऱ्या बाईला पटेल. लंडनच्या रॉयल अकादमीने तर त्यांना १९४४ मध्ये सहसभासद व १९५४ मध्ये पूर्ण सभासद करून घेतले. तेथील उन्हाळी प्रदर्शनात त्यांची पक्ष्यांची मोठी चित्रे लागत.

१९५२ मध्ये त्यांचे शोरलँड्सच्या उन्हाळ्याची रोजनिशी हे पुस्तक निघाले. शब्दही त्यांचे आणि चित्रेही त्यांची. त्यात मोठी घटना अशी काहीच नाही. आज तळ्यावर कोण आले, कोणाची पिले बाहेर पडली, वारा कसा होता, भरती किती चढली. पण वाचणाऱ्याला ते खेडे आपले वाटू लागते. १९५९ ते १९६१ या काळात लेडीबर्ड या प्रकाशनाने मुलांसाठी चार ऋतूंची चार छोटी पुस्तके काढली. हिवाळ्यात काय पाहावे, वसंतात काय पाहावे, अशा धर्तीची. त्यातील चित्रे टनिक्लिफ यांची. तिकडच्या दोन पिढ्या त्या पुस्तकांवर वाढल्या.

आणखी एक काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. पक्ष्यांच्या रक्षणासाठी झटणारी रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स ही ब्रिटनमधील फार मोठी संस्था. तिच्या मासिकाची मुखपृष्ठे टनिक्लिफ रंगवीत. ही संस्था मुळात निघाली कशी हे आपल्या मंडळाने ऐकण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेत बायकांच्या टोप्यांवर पक्ष्यांची पिसे खोवण्याची फॅशन होती. बगळ्याला विणीच्या दिवसांत पाठीवर तलम तुरे येतात, त्यांना सोन्याचा भाव आला. विणीतच पक्षी मारल्यामुळे पिले घरट्यात उपाशी मरत. तेव्हा १८८९ मध्ये मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन या बाईने आपल्या घरी मैत्रिणींना बोलाविले आणि असली पिसे वापरणार नाही अशी शपथ घेणाऱ्या बायकांचे मंडळ काढले. लंडनच्या बाजूला आणखी काही बायकांनी तसेच मंडळ चालविले होते. पुढे दोन्ही एक झाली. पहिले सर्व सभासद बायकाच होत्या. १९०४ मध्ये त्या संस्थेला राजाची सनद मिळाली. दिवाणखान्यात चहा पिता पिता निघालेल्या मंडळाचे पुढे काय होईल हे कोणी सांगावे! याच संस्थेने १९७५ मध्ये टनिक्लिफ यांना आपले सुवर्णपदक दिले.

परंतु त्या आधीच त्यांच्या घरातील दिवा गेला होता. १९६९ मध्ये विनिफ्रेडबाई वारल्या. चाळीस वर्षांचा संसार, मूलबाळ नव्हते. दोघे एकाच कॉलेजात शिकलेली, दोघांच्या हाती सारखीच कला. त्यांनी आपली चित्रे किती काढली आणि किती बाजूला ठेवली, हे कोणी मापून ठेवलेले नाही. मी हे तक्रारीने लिहीत नाही. त्यांना कशात समाधान होते हे दुसऱ्याने ठरविण्याचे कारण नाही. पण चरित्र लिहिताना तेवढे लिहावेसे वाटले. पाणमांजराच्या पुस्तकाची कल्पना त्यांची, सोबतीने खाडीवर जाणे त्यांचे, मेलेल्या पक्ष्यांची पार्सले आणि चिखलाचे बूट येत राहिलेले घर त्यांचे.

त्यानंतर दहा वर्षे टनिक्लिफ त्याच घरात राहिले. दृष्टी मंदावत चालली होती, तरी काम सोडले नाही. १९७४ मध्ये रॉयल अकादमीने त्यांची मापाची चित्रे मांडली. तोवर ती घरच्या कामासाठीच होती, आता लोकांना प्रथमच एवढी एकत्र पाहावयास मिळाली, आणि एवढा खजिना एका खेड्यातील कपाटात होता हे पाहून पाहणारे थक्क झाले. १९७८ मध्ये सरकारने त्यांना ओ. बी. ई. हा किताब दिला. ७ फेब्रुवारी १९७९ रोजी शोरलँड्समध्येच त्यांचे निधन झाले. वय सत्याहत्तर वर्षांचे होते.

खरी परीक्षा पुढे होती. माणूस गेला की मागे राहिलेल्या वस्तूंचे काय होते हे आपण घरोघर पाहतो. चार वाटण्या होतात, एक पाट इकडे, एक परात तिकडे. टनिक्लिफ यांच्या वह्या आणि मापाची चित्रे लंडनच्या क्रिस्टी या प्रसिद्ध लिलावघराकडे गेली. लिलाव झाला असता तर टिलवा एका सावकाराच्या भिंतीवर, कुरल दुसऱ्याच्या, आणि वहीची पाने सुटी होऊन जगभर गेली असती. सुट्या पानाला किंमत जास्त येते, हे त्यातले दुःख. प्रत्येक चित्र सुंदर होते, पण त्यांचा अर्थ एकत्र असण्यात होता. एका माणसाने एका खाडीच्या काठी बसून ठेवलेला तो हिशेब होता, आणि हिशेबाची वही पाने फाडून वाटावयाची नसते.

तेव्हा अँगलसीची स्थानिक कौन्सिल पुढे आली. बेट लहान, तिजोरीही बेताची. तरी बाहेरून मदत मिळवून १९८१ मध्ये कौन्सिलने तो संग्रह एकगठ्ठा विकत घेतला आणि लिलाव टळला. रस्ते, गटारे, पाणी हे बघणाऱ्या कौन्सिलने पक्ष्यांच्या चित्रांवर पैसे घालावेत यावर तिकडे तोंडे वाकडी झाली असतील तर नवल नाही. आपल्याकडेही झाली असती. पण ती चित्रे त्यांच्याच चिखलातल्या पक्ष्यांची होती.

संग्रह मिळाला, पण ठेवावयास जागा हवी. दहा वर्षांनी, १९९१ मध्ये, लँगेव्हनी या गावी ओरिएल इनिस मोन नावाचे संग्रहालय उघडले. इनिस मोन हे अँगलसीचे वेल्श भाषेतील नाव. टनिक्लिफ यांच्या वह्या आणि मापाची चित्रे तिथे आहेत. केव्हनी नदी याच गावावरून वाहत येते आणि पुढे काही मैलांवर माल्ट्राइथच्या बांधापाशी खाडीला मिळते.